विशेष गरजा असलेल्या बालकांचे शिक्षण, सोलापूर

दृष्टी, श्रवण, हालचाल, बुद्धी, वाचा किंवा वर्तन यांतील अडचणींमुळे ज्या बालकांना नेहमीच्या अध्यापनाखेरीज वेगळी मदत, साधने किंवा सवलती लागतात, त्यांना घर आणि शाळा यांनी मिळून दिलेला आधार म्हणजे विशेष गरजाधिष्ठित शिक्षण होय. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील अकरा तालुक्यांत हे काम नेहमीच्या शाळा, विशेष शाळा आणि गृहाधारित शिक्षण अशा तीन वाटांनी चालते.

शिक्षण हक्क अधिनियम 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 2012 च्या दुरुस्तीने त्यात दिव्यांग बालकांचा स्पष्ट समावेश झाला आणि तीव्र किंवा बहुविकलांग बालकांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने मान्य प्रकारांची संख्या 7 वरून 21 वर नेली. स्वमग्नता (ऑटिझम) आणि अध्ययन अक्षमता (बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणितात सतत येणारी अडचण) यांना या यादीत स्वतंत्र स्थान मिळाले ते तेव्हाच. किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या बालकास वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येते.

अडचण ओळखण्याची पहिली जागा बहुधा अंगणवाडी असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. तरीही सौम्य श्रवणदोष निसटतो. घरालगत यंत्रमाग चालत असतील तर घरातले सगळेच मोठ्याने बोलतात आणि मुलाला कमी ऐकू येते हे वर्गात बसेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

सोलापुरात निदानाचा खरा पेच भाषेचा आहे. शहराच्या पूर्व भागातील विणकर कुटुंबांत तेलुगू, अक्कलकोट व दक्षिण सोलापूरच्या अनेक गावांत कन्नड, तर मुस्लिम मोहल्ल्यांत दखनी बोलली जाते, आणि यांतील अनेक मुले पहिलीत थेट मराठी माध्यमात दाखल होतात. असे मूल वाचनात अडखळले की दोन चुका संभवतात : भाषेच्या अपरिचयाला अध्ययन अक्षमता समजणे, किंवा खऱ्या अक्षमतेला ‘घरी मराठी नाही, येईल हळूहळू’ म्हणून वर्षानुवर्षे टाळणे. दुसरी चूक अधिक महाग पडते, कारण तिसरी-चौथीपर्यंत मूल वाचण्याऐवजी पाठांतरावर निभावून न्यायला शिकलेले असते. म्हणून शिक्षकाने प्रथम घरच्या भाषेत गोष्ट सांगायला लावून समज तपासावी. घरच्या भाषेत ओघवते बोलणारे मूल अक्षर-ध्वनींची सांगड घालताना मात्र सतत अडत असेल, तर चाचणीची गरज असते. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनाशी निगडित अध्ययन अक्षमतेची, चाचणी प्रथम हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आली. तेलुगू घरांतील मुलांबाबत त्यामुळे परीक्षकाच्या अनुभवावर बरेच अवलंबून राहावे लागले.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी पालक सोलापूरच्या शासकीय सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘सिव्हिल’मध्ये येतात. करमाळा किंवा माळशिरस तालुक्यातील मजुरीवर जगणाऱ्या घराचा यात दिवसाचा रोज बुडतो. तपासणीची तारीख आणि लागणारी कागदपत्रे शाळेने आधीच पक्की करून दिली, तर दुसरी खेप वाचते.

वर्गातील बदल बहुधा बिनखर्चाचे असतात. अल्पदृष्टी असलेल्या मुलाला फळ्याजवळ, पण उजेड डोळ्यांवर येणार नाही असे बसवणे. कर्णबधिर मुलाकडे तोंड करून बोलणे. लांब सूचना एकेक करून देणे. लेखी उत्तराऐवजी तोंडी उत्तर स्वीकारणे, हे कोणताही शिक्षक करू शकतो. विशेष शिक्षकासोबत आखलेल्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात वर्षभराची मोजकी, तपासता येण्याजोगी उद्दिष्टे असावीत. ‘गणित सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘वीस रुपयांपर्यंतचे सुटे मोजून देणे’ हे आहे. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळ अशा सवलती आहेत. मात्र पुष्कळ घरांत त्यांची चौकशी दहावीच्या वर्षीच सुरू होते, जेव्हा गरज दुसरीपासूनची असते.

घरच्या कामाचा गाभा स्वावलंबन हा आहे. सदरा घालणे यासारखी कृती छोट्या पायऱ्यांत फोडून शेवटची पायरी आधी शिकवावी : आईने सगळी बटणे लावून अखेरचे तेवढे मुलाला लावू द्यावे, ते जमले की शेवटची दोन. काम पूर्ण केल्याचा आनंद मुलाला पहिल्याच दिवशी मिळतो. बिडी वळणाऱ्या महिला दिवसभर घरीच असल्याने सरावाला वेळ मिळेल असे बाहेरून वाटते, पण कामाचे दाम नगावर ठरत असल्याने प्रत्येक मिनिटाची किंमत असते. अशा घरात वेगळा अभ्यास नेमण्यापेक्षा जेवण, अंघोळ, भांडी लावणे यांतच सराव गुंफणे व्यवहार्य ठरते. तंबाखूचे सूप मुलापासून दूर ठेवावे. बिडीकामास मुलांना लावणे कायद्यानेही वर्ज्य आहे.

स्वमग्न मुलांना दिनक्रमातील बदल जड जातो. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते तेव्हा, किंवा जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा, काही दिवस आधीपासून चित्रे दाखवून पूर्वकल्पना द्यावी आणि गर्दीत नेणे आवश्यक असेल तर कमी वर्दळीची वेळ निवडावी.

विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरामागे एक असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटले. वयाच्या अठराव्या वर्षानंतर स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करता येतो.