ऑनलाइन गेमिंगचे परदेशी लायसन्स: देश ठरवण्याआधी एवढे वाचून या

ग्राहकांसाठी माहितीपत्रक, इंदूर

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, ड्रीम इलेव्हनसारख्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले आणि तेव्हापासून परदेशी गेमिंग लायसन्सचे काम करणाऱ्या आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो: "सर, कुराकाओचं करून देता का? नाहीतर माल्टाचं किती पडेल?" कुराकाओ हे कॅरिबियनमधले बेट, माल्टा हा युरोपातला छोटा देश; दोन्हीकडे अशी लायसन्स मिळतात. कार्यालयात तर विचारतातच, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आणि लग्नाच्या पंगतीतही विचारतात. याचे नीट उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हे पत्रक छापले आहे. परदेशी कंपनी, केवायसी, पेमेंट गेटवे या गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत असे धरून लिहिले आहे.

आमच्या पहिल्या फॉर्ममध्ये देशाचे नाव विचारलेलेच नाही. अनेकांना हे खटकते. "मी देश ठरवूनच आलोय, तुम्ही फक्त फाइल लावा," असे म्हणणारे पुष्कळ आहेत. फॉर्मवर मुख्य प्रश्न दोनच आहेत. मालक कुठे राहतो? आणि पैसे लावून खेळणारा कुठे बसलेला असेल? देश या दोन उत्तरांतून निघतो. ज्यांनी फीचा तक्ता बघून आधी देश पकडला, कंपनी काढली, एजंटला पैसे दिले आणि मग बँकेत खाते उघडायला गेले, त्यांची गाडी तिथेच अडते. मग सगळे मागे फिरवून पुन्हा पहिल्या प्रश्नावर यावे लागते. भरलेली फी सहसा परत मिळत नाही, आणि वर्षातले कित्येक महिने हातचे जातात.

मालक भारतात राहत असेल तर

हा भाग कृपया सावकाश वाचा. निम्म्याहून अधिक चौकशा इथेच संपतात.

फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली 2022 मध्ये परदेशी गुंतवणुकीचे नवे नियम आले. भारतात राहणाऱ्या व्यक्तीने परदेशातल्या कोणत्या व्यवसायात थेट गुंतवणूक करायची नाही, हे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. त्या यादीत जुगार आहे, आणि तोही 'कोणत्याही स्वरूपातला'. माल्टाचा असो, आइल ऑफ मॅन या ब्रिटनजवळच्या बेटाचा असो, लायसन्स कितीही प्रतिष्ठित असले तरी इंदुरात राहणारा माणूस त्या कंपनीचा मालक होऊ शकत नाही. भागीदारीही चालत नाही.

यावर ठरलेला प्रतिप्रश्न येतो: "पण एलआरएसखाली वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात ना?" येतात. एलआरएस ही इथल्या रहिवाशांनी परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना, आणि ती रकमेची मर्यादा आहे. कशासाठी पाठवायचे याचे नियम वेगळे आहेत, आणि जुगाराची कंपनी त्यांत बसत नाही. पाठवताना फॉर्मवर 'सॉफ्टवेअर' किंवा 'कन्सल्टन्सी' असे कारण लिहायला सांगणारे सल्लागार शहरात आहेत. ती सही आपली असते, सल्लागाराची नसते, हे लक्षात ठेवा.

दुसरा प्रतिप्रश्न मेहुण्याचा. "लायसन्स दुबईतल्या मेहुण्याच्या नावावर घेऊ, पैसा माझा." जगातला कोणताही गंभीर नियामक खरा लाभधारक कोण हे विचारतो, पैसा कुठून आला याचे बँक स्टेटमेंट मागतो आणि प्रतिज्ञापत्रावर सही घेतो. खोट्या प्रतिज्ञापत्रावर उभा केलेला धंदा पहिल्या तपासणीत कोसळतो आणि नात्यातला माणूस अडचणीत येतो. आम्ही असे काम घेत नाही, कितीही जुनी ओळख असली तरी.

आता खेळणारा भारतातला असेल तर. 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांचे पैशाचे व्यवहार हाताळणे, तिन्हींवर बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा फरक आता उरलेला नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड. सर्व्हर परदेशात असला तरी कायदा लागू होतो. त्यामुळे 'परदेशी लायसन्स घेऊन भारतात चालवू' ही योजना आमच्या टेबलावर येऊ देऊ नका. आलीच तर आम्ही नम्रपणे फाइल परत करू.

मग आमच्याकडे यायचे कोणी?

दोन प्रकारच्या ग्राहकांचे काम आम्ही मनापासून करतो. एक, खरोखर परदेशात स्थायिक झालेले आपले लोक. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर इथल्या कित्येक घरांतली मुले लंडन, टोरांटो, दुबईत आहेत आणि त्यांतली काही याच क्षेत्रात नोकरी करून आता स्वतःचे काही काढू पाहतात. दुसरे, खेळाचे सॉफ्टवेअर बनवून परदेशी लायसन्सधारकांना विकणाऱ्या कंपन्या. या दुसऱ्या गटाला आमची एक अट आहे: भारतीय कायद्यात आपले काम नेमके कुठे बसते याबद्दल वकिलाचे लेखी मत फाइलमध्ये आधी असले पाहिजे. तोंडी चालत नाही.

एनआरआय मंडळींनी एक गोष्ट सांभाळावी. फेमाचे रहिवासीपण आणि आयकराचे रहिवासीपण वेगळे मोजले जाते. फेमात दिवसांइतकाच हेतूही महत्त्वाचा असतो. आई-वडिलांसाठी दोन वर्षांत कायमचे परत यायचे मनात असेल, तर ते आम्हाला पहिल्याच दिवशी सांगा. त्यावरून मालकीची सगळी रचना बदलते. आणि कंपनी बाहेरची पण रोजचे निर्णय इंदुरातला भाऊ घेतो, असेही नको. प्रत्यक्ष कारभार इथून चालला तर आयकर खाते त्या कंपनीला भारतातली रहिवासी ठरवू शकते. शिवाय इथे बसून कारभार हाकणारा भाऊ वर सांगितलेल्या कायद्याच्या कक्षेत येण्याची भीती असते, ती वेगळीच.

दुबईकरांसाठी खास: अमिरातीत 2023 मध्ये व्यावसायिक गेमिंगसाठी केंद्रीय नियामक स्थापन झाला आहे. त्याच्या परवान्याशिवाय तिथे बसून असा व्यवसाय चालवणे बेकायदा आहे. कॅरिबियन बेटावरचा कागद दुबईत आपले संरक्षण करत नाही.

खेळणारा कुठे बसलाय

लायसन्स जिथले असेल तिथून जगभर चालते, हा समज वीस वर्षांपूर्वी बऱ्यापैकी खरा होता. आता नाही. ब्रिटनने 2014 च्या नोव्हेंबरपासून नियम केला की ब्रिटिश ग्राहकाला खेळवायचे तर ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनचेच लायसन्स हवे, कंपनी कुठलीही असो. जर्मनी आणि नेदरलँड्सने 2021 मध्ये आपापली दारे लायसन्सने बांधली. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने एप्रिल 2022 मध्ये स्वतःची व्यवस्था सुरू केली. ज्याचे ग्राहक लंडनमध्ये आहेत त्याने माल्टाच्या फीची चौकशी करण्यात अर्थ नाही. त्याला ब्रिटनचा अर्जच भरावा लागेल. ग्राहक कुठले हे लिहिताना 'वर्ल्डवाइड' असे लिहू नका. तीन-चार देशांची नावे लिहा. बँकवाला आणि गेम पुरवणारी कंपनी दोघेही हेच विचारणार आहेत.

आणि आता देश

कुराकाओबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. तिथे पूर्वी चार मास्टर लायसन्स होती आणि त्यांच्याखाली उप-लायसन्स वाटली जात. झटपट आणि स्वस्त मिळायची, म्हणून नाव झाले. डिसेंबर 2024 मध्ये नवा कायदा लागू झाला, ती पद्धत गेली आणि आता कुराकाओ गेमिंग अथॉरिटीकडे थेट अर्ज करावा लागतो. टेलिग्रामवर आजही 'कुराकाओ सब-लायसन्स, सात दिवसांत' अशी जाहिरात फिरते. तो जुना माल आहे, घेऊ नका.

माल्टा महाग वाटते, पण युरोपात काम करायचे असेल तर आमचा कल तिकडेच असतो. अर्जाची फी 5,000 युरो, बहुतेक प्रकारांना वर्षाची ठरलेली फी 25,000 युरो, शिवाय उत्पन्नावर वेगळे शुल्क. लायसन्स दहा वर्षांचे. खेळांचे चार प्रकार केले आहेत. कॅसिनोचे खेळ आणि बेटिंग या पहिल्या दोन प्रकारांना किमान भांडवल एक लाख युरो लागते. पोकरसारखे खेळाडू-विरुद्ध-खेळाडू खेळ आणि फँटसीसारखे (ड्रीम इलेव्हनच्या धर्तीचे) कौशल्याचे खेळ या पुढच्या दोन प्रकारांना 40,000. फँटसीचा अनुभव असलेल्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा, पहिल्या वर्षाच्या भांडवलात मोठी बचत होते.

आइल ऑफ मॅनचा कायदा 2001 चा, नियामक त्याहून कितीतरी जुना, 1962 पासूनचा. खेळाडूंचा पैसा कंपनीच्या पैशापासून वेगळा ठेवायचा, हे तिथे काटेकोरपणे पाहिले जाते. ज्यांना दीर्घकाळ टिकायचे आहे आणि खिशात दम आहे, त्यांना आम्ही हे आवर्जून सुचवतो.

अंजुआन, म्हणजे हिंद महासागरातल्या कोमोरोस देशाचे एक बेट, स्वस्त आहे. एवढेच त्याचे कौतुक. नावाजलेल्या गेम कंपन्या आणि पेमेंटवाले तो कागद बघून जास्त प्रश्न विचारतात. कोस्टा रिकाचे 'गेमिंग लायसन्स' कोणी विकत असेल तर समजून जा, कारण तिथे असे लायसन्सच नाही. तिथे साधी कंपनी नोंदवतात आणि तिला लायसन्स म्हणून विकतात. फिलिपिन्सचे नाव अजून काही जण काढतात. परदेशी ग्राहकांसाठी चालणारी तिथली केंद्रे राष्ट्राध्यक्षांनी जुलै 2024 मध्ये बंद करायचे जाहीर केले आणि वर्षअखेरीस ती बंद झाली. देश निवडताना फीबरोबर त्या देशाचा स्वभावही पाहायचा तो यासाठी.

कार्डाने पैसे घेताना जुगाराच्या व्यवहारांना 7995 हा वेगळा कोड लागतो. तो टाळून 'ई-कॉमर्स' दाखवून पैसे घेतले तर खाते गोठते, आत अडकलेला पैसाही लवकर सुटत नाही. आम्ही लायसन्सच्या अर्जाबरोबरच पेमेंट कंपनीशी बोलणे सुरू करतो. त्यामुळे कामाचा आकडा थोडा मोठा दिसतो, पण लायसन्स हातात आणि खाते नाही, अशी अवस्था येत नाही.

कागद, विशेषतः नावे

देश बरोबर निवडला तरी फाइल रखडते ती इथे. आपल्या घरांमधले नावांचे घोळ परदेशातल्या अधिकाऱ्याला समजत नाहीत. मार्कशीटवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे. पॅनवर मध्ये वडिलांचे नाव, आधारवर ते नाही. वझे आडनाव एका कागदावर 'व्ही'ने आणि दुसऱ्यावर 'डब्ल्यू'ने. त्याच्या दृष्टीने ही दोन माणसे असतात. सर्व कागद पासपोर्टशी जुळवून घ्या. जिथे जुळत नाहीत तिथे दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र करून त्यावर अपॉस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) घ्या. पोलीस क्लिअरन्स मात्र सर्वांत शेवटी काढा. ते ताजे लागते, आणि उत्साहाने आधीच काढलेले अनेकांना दुसऱ्यांदा काढावे लागते.

पैशाच्या स्रोताबद्दल तर इंदूरची स्वतःची अडचण आहे. आजोबांचा वाडा विकला, रजिस्ट्री कलेक्टर गाइडलाइनच्या, म्हणजे सरकारी दराने झाली, आणि सांगताना रक्कम त्याहून मोठी सांगितली जाते. नियामकाला रजिस्ट्रीवरचा आणि बँकेतला आकडाच दिसतो. जो पैसा कागदावर नाही तो या व्यवसायात आणता येत नाही, हे आम्ही पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगतो. वारशाची मालमत्ता विकलेल्या एनआरआयने एनआरओ खात्यातून (एनआरआयचे भारतातल्या उत्पन्नासाठीचे खाते) रीतसर कर भरून, सीएचे प्रमाणपत्र घेऊन रक्कम बाहेर नेली असेल, तर तोच कागद नियामकापुढे उत्तम पुरावा ठरतो. हे प्रमाणपत्र आमच्याकडे करून मिळते.

आमच्या फीबद्दल

पहिल्या भेटीची फी आम्ही घेतो, यावर कुरकुर होते. त्या भेटीत आम्ही मालकाचे रहिवासीपण, पैशाचा स्रोत आणि बाजार, तिन्ही तपासून लेखी मत देतो. बऱ्याचदा ते 'करू नका' असेच असते. ज्याला लायसन्स विकूनच कमाई करायची आहे त्याच्याकडून हे मत मिळणे अवघड, म्हणून आम्ही मताची फी वेगळी ठेवली आहे. पुढे काम आमच्याकडे दिले तर ती एकूण बिलातून वजा होते. रोख घेत नाही. कोणत्याही देशाच्या एजंटकडून कमिशनही घेत नाही.

येताना पासपोर्टच्या सर्व पानांची प्रत, व्हिसा किंवा रेसिडेन्सी कार्ड, मागील 12 महिन्यांचे परदेशी बँक स्टेटमेंट आणि ज्या देशांत ग्राहक हवेत त्यांची नावे एका कागदावर लिहून आणा. मालक परदेशात असेल तर भेट व्हिडिओ कॉलवर होते, आणि वेळ तिकडच्या घड्याळाप्रमाणे ठरवतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांच्या वतीने येऊ नये. फॉर्म मालकाने स्वतः भरायचा आहे.