ओएनटी व राउटर, घरगुती

प्रकाशीय तंतूने (फायबरने) घरी येणारी ब्रॉडबँड सेवा जिथे संपते तिथे बसवलेले, प्रकाशाच्या स्पंदांचे विद्युत् संकेतांत व उलट रूपांतर करणारे उपकरण म्हणजे ओएनटी. त्यापुढे ती जोडणी घरातील फोन, संगणक, टीव्ही यांना वाटून देतो तो राउटर. बोलण्यात दोहोंनाही ‘मोडेम’ म्हणतात आणि पुष्कळ घरांत दोन्ही एकाच डब्यात असतात, त्यामुळे भेद जाणवत नाही. निवड करताना मात्र तोच महत्त्वाचा ठरतो. कोणता ओएनटी चालेल हे सेवा देणाऱ्याच्या केंद्रातील यंत्रावर (ओएलटीवर) अवलंबून असते. राउटर कोणता हवा ते घराच्या रचनेवर.

संज्ञा व प्रमाणके : ‘ओएनटी’ आणि ‘ओएनयू’ या संज्ञांचा घोळ जुना आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या (आयटीयू) परिभाषेत ओएनयू ही व्यापक संज्ञा असून एकाच ग्राहकासाठी असलेल्या ओएनयूला ओएनटी म्हणतात. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेच्या प्रमाणकांत फक्त ओएनयू आढळते. घरगुती उपकरणापुरती पहिली संज्ञा अधिक नेमकी असल्याने येथे तीच वापरली आहे.

या मतभेदामागे दोन स्वतंत्र परंपरा आहेत. दूरध्वनी कंपन्यांच्या ‘फसान’ या गटाने १९९५ पासून केलेल्या कामातून आयटीयूची जी.९८३ ही ‘एटीएम’ या तेव्हाच्या संदेशवहन-तंत्रावरील शिफारस १९९८ मध्ये आली आणि तिच्या पुढे जी.९८४, म्हणजेच जीपॉन (‘पॉन’ म्हणजे वाटेत वीज न लागणारे प्रकाशीय जाळे). जीपॉनचे वर्ष कुठे २००३, तर कुठे २००४ दिलेले आढळते. मालिकेतील पहिले दोन भाग २००३ चे, तर चौकट-रचना व नियंत्रण यांविषयीचे भाग २००४ चे असल्याने दोन्ही वर्षांना आधार आहे. वेग व प्रकाशीय मर्यादा आधीच्याच भागांत ठरल्या असल्याने २००३ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. संगणक-जाळ्यांच्या परंपरेतून आलेले ईपॉन (८०२.३एएच) हे २००४ चे.

जीपॉनचा वेग केंद्राकडून घराकडे २.४८८ गिगाबिट प्रतिसेकंद व परत १.२४४ गिगाबिट असतो. ईपॉनचा दोन्ही दिशांना १.२५ गिगाबिट असून संकेतनाचा खर्च वजा जाता १ गिगाबिट उरतो. हा वेग एका स्प्लिटरवरील (एका तंतूतला प्रकाश अनेक तंतूंत विभागणाऱ्या घटकावरील) सर्व घरांत वाटला जातो. दोन्ही पद्धती येताना १४९० व जाताना १३१० नॅनोमीटरच्या आसपासची तरंगलांबी वापरतात. त्यामुळे चुकीच्या जातीचा ओएनटी लावला तरी त्याला प्रकाश मिळतो, शक्तीचा आकडाही चांगला दिसतो, पण नोंदणी होत नाही आणि ‘पॉन’चा दिवा स्थिर होत नाही. ‘एक्सपॉन’ म्हणून विकली जाणारी उपकरणे दोन्ही पद्धती ओळखतात. एक्सजीएस-पॉन (२०१६, दोन्ही दिशांना सुमारे १० गिगाबिट) १५७७ व १२७० नॅनोमीटरवर चालते. त्यासाठी वेगळाच ओएनटी लागतो.

पद्धत जुळली तरी काम संपत नाही. जीपॉनमध्ये ओएलटी ओएनटीला अनुक्रमांकावरून ओळखतो (पहिली चार अक्षरे उत्पादकाची), काही ठिकाणी पासवर्डही मागतो. ईपॉनमध्ये मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) किंवा एलओआयडी (सेवादात्याने दिलेली ओळख) वापरतात. जीपॉनमध्ये पुढची मांडणी ‘ओएमसीआय’ या नियंत्रण-भाषेत होते. जी.९८८ ने तिचे प्रमाणीकरण केले असले तरी उत्पादकांनी स्वतःच्या भरी घातल्या आहेत. म्हणून बाजारातून आणलेला ओएनटी नोंदला जातो, इंटरनेटही सुरू होते, पण लँडलाइन बंद पडते, असे घडू शकते. ग्राहकाने ओएनटी सेवादात्याच्या यादीतलाच घ्यावा हे मत त्यामुळे अधिक सयुक्तिक आहे.

प्रकाशशक्ती : प्रचलित ‘बी+’ वर्गाच्या ओएनटीला उणे ८ ते उणे २७ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली शक्ती) प्रकाश चालतो. उणे २७ म्हणजे अवघे २ मायक्रोवॅट. ३२ घरांच्या स्प्लिटरमध्येच सिद्धांततः १५, प्रत्यक्षात १७ डेसिबेलच्या आसपास घट होते, म्हणून दारातला वाकलेला तंतू किंवा कनेक्टरच्या टोकावरची धूळही महागात पडते. हिरव्या कनेक्टरचे टोक ८ अंशांनी तिरके, निळ्याचे तसे नसते. दोन्ही एकमेकांत बसतात, पण जोडावर फट राहते. ओएनटी बदलण्याआधी हे पाहिले तर बराच खर्च वाचतो.

राउटर : १०० मेगाबिटांच्या पुढची योजना असेल तर ओएनटी आणि राउटर, दोन्हींवर गिगाबिट पोर्ट हवे, काही स्वस्त ओएनटींवर चारांपैकी एकच पोर्ट गिगाबिटचे असते. २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, त्यामुळे दाट वस्तीत ५ गिगाहर्ट्‌झही हवा. भारतात त्या पट्ट्याचा ६०५ मेगाहर्ट्‌झ भाग २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. मात्र हे तरंग भिंतीत लवकर क्षीण होतात. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंती किंवा मुंबई-पुण्यातले आरसीसीचे खांब अधिक अँटेनांच्या राउटरने ओलांडले जात नाहीत. तंतू दारापाशी येतो म्हणून ओएनटी तिथेच ठेवावा, तिथून कॅट-५ई केबल घराच्या मध्यभागी न्यावी आणि राउटर तिथे बसवावा, ही मांडणी एकत्रित डब्यापेक्षा सरस आहे. अशा वेळी ओएनटी ‘ब्रिज’ (संकेत फक्त पुढे पाठवणाऱ्या) पद्धतीत ठेवून पीपीपीओई लॉगिन (सेवादात्याने दिलेले नाव व पासवर्ड) राउटरवर घेतात, नाहीतर इंटरनेट-पत्त्यांचे भाषांतर ओएनटी व राउटर या दोहोंत, म्हणजे दोनदा होते.

वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही. ओएनटी व राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे भारनियमनाच्या काळात छोट्या डीसी यूपीएसवर, केंद्रात वीज असेपर्यंत, सेवा टिकते.

निवडीचा हक्क : अमेरिकेत दूरसंचार नियामकाच्या १९६८ च्या ‘कार्टरफोन’ निर्णयाने परक्या उपकरणाला दूरध्वनी जाळ्याशी जोडण्याची मुभा मिळाली. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमाने आपल्या पसंतीचे अंत्य उपकरण वापरण्याचा हक्क मान्य केला. जर्मनीत तसा कायदा १ ऑगस्ट २०१६ पासून लागू आहे. वाद आहे तो जाळे नेमके कुठे संपते याचा. भिंतीवरच्या खोक्यात संपले तर ओएनटी ग्राहकाचा, ओएनटीनंतर संपले तर फक्त राउटर त्याचा. युरोपीय नियामकांच्या ‘बेरेक’ या मंडळाने २०२० मध्ये असे पर्याय मांडून निर्णय देशोदेशींच्या नियामकांवर सोपवला. भारतात पॉन उपकरणांना टीईसी या सरकारी दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राचे अनिवार्य चाचणी-प्रमाणपत्र लागते.