टीएफडब्ल्यूएस ही सीट, ईबीसी ही शिष्यवृत्ती

इंजिनिअरिंगचे कॅप राउंड (सरकारी केंद्रीभूत प्रवेशफेऱ्या) सुरू झाले की संध्याकाळी आमच्याकडे कुणी ना कुणी प्लास्टिकची फाइल घेऊन येतंच. परवा एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, "सर, टीएफडब्ल्यूएसला लागलं की ईबीसीचा फॉर्म भरायचा ना?" दोन्हींना कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाखांची, दोन्हींना तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला. त्यामुळे घोळ होणारच.

टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी वेव्हर स्कीम) म्हणजे शिक्षण शुल्क माफीची जागा. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे मंजूर जागांच्या वर आणखी 5 टक्के जागा यासाठी असतात. 60 च्या वर्गाला फक्त 3. त्या भरतात निव्वळ गुणांवर. म्हणून नावाजलेल्या कॉलेजात कॉम्प्युटरचा टीएफडब्ल्यूएस कटऑफ बहुतेक वेळा ओपनच्याही वर दिसतो. गरिबांची जागा म्हणून इथे कमी गुणांत काम होईल ही समजूत आधी डोक्यातून काढा. एकदा जागा मिळाली की कोर्स संपेपर्यंत ट्यूशन फी माफ. पण कॉलेज किंवा शाखा पुढे बदलता येत नाही.

ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची फी सवलत, वेगळी. कागदोपत्री नाव राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. आधी कॅपमधून नेहमीची सीट घ्यायची, मग महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करायचा. सरकार ट्यूशन आणि परीक्षा फीचा निम्मा भार उचलतं. इथे चुरस नाही. अटींत बसलात की मिळते. मात्र दरवर्षी नव्याने अर्ज, आणि मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती नाही.

आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॅपमधला पसंतीक्रमाचा अर्ज. त्यात प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेला चॉइस कोड असतो, आणि टीएफडब्ल्यूएसच्या कोडच्या शेवटी T असतो. म्हणजे एकाच कॉलेजची एकच शाखा यादीत दोनदा दिसते, एकदा साधी आणि एकदा T लावून. नोंदणीच्या अर्जात टीएफडब्ल्यूएससाठी 'हो' म्हटलं पाहिजे आणि T वाले कोड यादीत स्वतः टाकले पाहिजेत. ते राहिले, तर गुण असूनही ती जागा मिळत नाही. त्या वडिलांच्या यादीत बावीस पर्याय होते, T एकाही कोडला नव्हता. आम्ही आवडत्या प्रत्येक शाखेचा T वाला कोड वर आणि साधा त्याच्या लगेच खाली, असा लावला.

पण T साठी कॉलेज किती खाली उतरायचं? खरा हिशोब इथे आहे. समजा, ट्यूशन फी 1,00,000 आणि डेव्हलपमेंट फी 12,000. टीएफडब्ल्यूएसवाल्या मुलाची ट्यूशन माफ, तो 12,000 आणि इतर किरकोळ फी भरेल. ईबीसीवाल्याचे ट्यूशनमधले 50,000 वाचतील, उरलेले 50,000 अधिक 12,000 त्याने भरायचे. फरक वर्षाला पन्नास हजारांचा, चार वर्षांत दोन लाखांचा. तेवढ्यासाठी एखादी पायरी खाली उतरणं मला पटतं. गावाकडच्या कॉलेजचं T घेऊन होस्टेलचाही खर्च वाचत असेल, तर आणखीच. पण नको असलेली शाखा केवळ T आहे म्हणून घेणाऱ्याला मी थांबवतो, कारण नंतर शाखा बदलायची सोय नाही.

मुलींचं गणित मात्र 2024-25 पासून पार बदललं. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फीची 100 टक्के सवलत मिळते. म्हणजे साध्या सीटवरही ट्यूशनचा बोजा नाही. अशा मुलीने T च्या मागे लागून चांगलं कॉलेज सोडणं हा शुद्ध तोटा. तरीही दरवर्षी दोन-तीन घरांत "आधी T लाव" हा हट्ट ऐकतो, कारण मोठ्या भावाच्या वेळी तसंच केलं होतं. ही सवलत अभिमत (डीम्ड) आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांना लागू नाही, हे तिथली जाहिरात बघून भुलण्याआधी विचारून घ्या.

पैशांच्या वेळेचंही बघायला हवं. टीएफडब्ल्यूएसची माफी प्रवेशाच्या वेळीच लागते. ईबीसीची रक्कम मागाहून हप्त्यांत येते, आणि काही कॉलेजं तोवर पूर्ण फी मागतात किंवा हमीपत्र लिहून घेतात. शिवाय पैसे फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात येतीलच असं नाही. आधार ज्या खात्याला जोडलेलं असेल त्यात जातात. आमच्या शेजारच्या मुलाचा हप्ता सहा महिने आलाच नाही म्हणून घरचे कॉलेजात हेलपाटे घालत होते. शेवटी शाळेत असताना काढलेल्या झिरो बॅलन्स खात्याचं पासबुक छापून आणलं, तर पैसे तिथे कधीचेच जमा झालेले.