हेड गॅस्केटचं बिल बघून पाना उचलण्याआधी

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक (खालचा मुख्य भाग) आणि हेड (त्यावरचं झाकण) यांच्यामधली फट बंद करणारे, बहुतेक नव्या इंजिनांत स्टीलच्या पातळ पत्र्यांचे दोन-चार थर, किंमत त्या मानाने किरकोळ, आणि बिल बघितलं की डोळे पांढरे. बहुतेक पैसे मजुरीचे असतात, कारण तिथवर पोचायला इंजिनाचा वरचा भाग सगळा खोलावा लागतो. मग वाटतंच की व्हिडिओ बघून आपणच करू.

आधी गॅस्केट खरंच गेलंय का ते बघा. एक निळं द्रावण मिळतं, कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीतली हवा त्यातून खेचायची, पिवळं झालं तर जळलेला वायू कूलंटमध्ये शिरतोय. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की आम्ल होतं, शाळेतलंच आहे हे.

आता खरी मजा, हेडचे बोल्ट. लोकांना वाटतं बोल्ट जेवढा घट्ट तेवढा चांगला, किंवा मिस्त्रीच्या हातालाच अंदाज असतो. पण बोल्ट हा एक कडक स्प्रिंग आहे, तो ताणला जातो म्हणून हेड दाबून धरतो. आणि पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण 90 टक्के नुसत्या घर्षणात जातो, ताण मिळतो जेमतेम 10 टक्क्यांतून, त्यामुळे आटे कोरडे की तेलकट एवढ्यानेही ताण बराच बदलतो. म्हणून बऱ्याच इंजिनांत आधी थोडा टॉर्क (पिळण्याचा मोजलेला जोर) द्यायचा आणि मग अंश मोजून फिरवायचं असं असतं. आट्यांमधलं अंतर दीड मिमी असेल तर 90 अंशांत बोल्ट 0.375 मिमी आत जातो, घर्षण कितीही असो. असे बोल्ट बऱ्याचदा मुद्दाम लवचीकतेच्या हद्दीपलीकडे ताणतात, तिथे ताण-लांबीचा आलेख जवळपास सपाट होतो, म्हणजे थोडं कमीजास्त फिरलं तरी दाब फारसा बदलत नाही. ॲल्युमिनियमचं हेड तापल्यावर स्टीलच्या बोल्टपेक्षा जवळपास दुप्पट फुगतं, तेव्हाही ही सपाटी कामी येते. पण एकदा तिथवर ताणलेला बोल्ट कायमचा लांबलेला असतो, म्हणून तो परत वापरायचा नाही, नवाच घ्यायचा.

बाटलीतलं औषध रेडिएटरमध्ये ओता आणि गॅस्केट बरं करा, या जाहिरातींवर भुलू नका, ते भेगेसोबत रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवू शकतं.

तर मग स्वतः करायचं का? टॉर्क रेंच (जोर मोजणारा पाना), अंश मोजायचं गेज, सरळ पट्टी, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पात्या) आणि त्याच इंजिनाचं मॅन्युअल, यातलं काही मिळत नसेल तर नको. हेड वाकलं असेल तर ते मशीनवर घासून सपाट करायला बाहेर द्यावंच लागतं (बऱ्याचदा 0.05 मिमीच्या आसपासच वाकडेपणा चालतो), तेव्हा तो खर्च आधीच धरा. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) परत बसवताना त्याची खूण चुकली तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आपटतात, मग आधीचं बिल स्वस्त वाटेल. आणि बोल्टची भोकं खालून बंद असतील तर आतलं कूलंट, तेल पूर्ण पुसून काढा, द्रव दाबला जात नाही, बोल्ट कसताना तो ब्लॉकलाच तडा देऊ शकतो.