पार्श्वभूमी : जागा तेवढीच, १५ जीबी

१ एप्रिल २००४ ला गूगलचे जीमेल आले तेव्हा १ जीबी जागा हीच त्याची जाहिरात होती. इतर मोफत खात्यांत त्या वेळी २ ते ४ एमबी मिळत. मेल पुसू नका, साठवा आणि लागेल तेव्हा शोधा, ही सवय तिथून लागली. २०१२ मध्ये फाइली ऑनलाइन ठेवण्यासाठी गूगल ड्राइव्ह आले, त्याचे ५ जीबी वेगळे आणि मेलचे १० जीबी वेगळे. मे २०१३ मध्ये दोन्ही एकत्र करून १५ जीबी झाले. मोफत जागा त्यानंतर वाढलेली नाही. वाढले ते तिच्यात मोजले जाणारे सामान.

खरा वाद फोटोंचा. मे २०१५ पासून गूगल फोटोज ॲपमध्ये ‘हाय क्वालिटी’चे (१६ मेगापिक्सेलपर्यंतचे फोटो, १०८०पी व्हिडिओ) बॅकअप अमर्याद आणि फुकट होते. ‘ओरिजिनल’ म्हणजे मूळ दर्जा निवडणाऱ्यांचीच जागा जायची. नोव्हेंबर २०२० मध्ये घोषणा झाली की १ जून २०२१ पासून हाय क्वालिटीही मोजली जाईल. पुढे तिचे नावच ‘स्टोरेज सेव्हर’ करण्यात आले. बहुतेकांना आणखी साधारण तीन वर्षे १५ जीबी पुरतील, असे कंपनीने तेव्हा सांगितले होते. ती तीन वर्षे २०२४ मध्ये सरली. सहा वर्षे जागेची चिंता सोडा म्हणायचे, लोकांचे सगळे अल्बम आत आले की मीटर लावायचे, हा व्यवहार कायद्याने चोख असेल, सरळ मात्र म्हणवत नाही.

या तारखेमुळे आजही गफलत होते. १ जून २०२१ पूर्वी हाय क्वालिटीत चढवलेले फोटो अजूनही मोजले जात नाहीत. त्यामुळे २०१८ च्या सहलीचे असे शेकडो फोटो उडवले तरी आकडा जागचा हलत नाही. इथे फोटो काढल्याची नव्हे, चढवल्याची तारीख धरतात. आजोबांच्या लग्नाचा फोटो २०२२ मध्ये स्कॅन करून टाकला असेल तर तो मोजला जातो. गूगलच्या डॉक्स आणि शीट्सनाही हीच तारीख लागू आहे. त्याआधीची फाइल फुकट, पण नंतर उघडून तिच्यात एखादा स्वल्पविराम बदलला की तीही हिशेबात येते.

दोन बटणांचा घोळ वेगळाच. फोटोज ॲपमधले ‘फ्री अप स्पेस’ फोनमधल्या प्रती काढते, खात्यातली जागा तशीच राहते. खात्यासाठी फोटोजच्या वेबवरच्या सेटिंग्जमधले ‘रिकव्हर स्टोरेज’ वापरावे लागते. ते ओरिजिनल फोटो दाबून लहान करते आणि मूळ दर्जा परत मिळत नाही.

मेलमध्ये सर्च ऑप्शन्स उघडून साइजच्या रकान्यात १० एमबीपेक्षा मोठे शोधले की जागा खाणारे मेल लगेच सापडतात. पुसल्यावर ट्रॅश रिकामा केला नाही तर ते ३० दिवस जागा धरून बसतात. ड्राइव्हच्या ट्रॅशमधल्या फाइली तर पूर्वी आपण काढेपर्यंत तशाच पडून राहायच्या. ३० दिवसांचा नियम तिथे ऑक्टोबर २०२० मध्ये आला. दुसऱ्याने शेअर केलेल्या फाइली पुसण्यात वेळ घालवू नये, त्या मालकाच्या खात्यात मोजल्या जातात.

खाते भरले की मेल येणेही थांबते. दोन वर्षे मर्यादेबाहेर राहिले तर आतला मजकूर हटवला जाऊ शकतो.

शेवटची भर व्हॉट्सॲपची. अँड्रॉइडवरचे त्याचे बॅकअप २०१८ च्या अखेरीपासून हिशेबाबाहेर होते. डिसेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने ते १५ जीबीत धरले जाऊ लागले आणि कौटुंबिक ग्रुपवरच्या सुप्रभात व्हिडिओंनाही मोल आले. हा बॅकअप ड्राइव्हच्या फाइलींत दिसत नाही, ‘बॅकअप्स’ या वेगळ्या विभागात असतो. व्हॉट्सॲपमधल्या चॅट बॅकअपमध्ये जाऊन व्हिडिओ वगळावेत आणि लगेच नवा बॅकअप घ्यावा. तो पूर्ण होईपर्यंत जुनाच मोठा बॅकअप मोजला जातो.