चोरीला गेलेले दागिने सापडले, आता परत कसे मिळवायचे?

घरफोडीतला चोर पकडला, तुमचे दागिनेही मिळाले, असा पोलीस ठाण्यातून फोन आला की आपल्याला वाटतं, आता जायचं आणि घेऊन यायचं. तसं होत नाही. सापडलेला ऐवज हा खटल्यातला मुद्देमाल असतो आणि तो न्यायालयाच्या आदेशाने परत मिळतो. हा आदेश लवकर मिळणार की रखडणार, हे बरंचसं फिर्याद कशी दिली त्यावर ठरतं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

कडी तुटलेली दिसली की आधी ११२ ला फोन करा. ठसेतज्ज्ञ येऊन जाईपर्यंत कपाटाला, लॉकरला हात लावू नका. पसारा बघून आवरायला घेण्याचा मोह होतो, तो टाळा. घरफोडी हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना तो नोंदवून थेट तपास करता येतो. भारतीय न्याय संहितेची ३०५ आणि ३३१ ही कलमं लागतात. त्यामुळे साधा तक्रार अर्ज किंवा वस्तू हरवल्याची नोंद यावर समाधान मानू नका, एफआयआरच हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी नोंदवून घ्यावा लागतो आणि प्रत मोफत मिळते. ऑनलाइन कळवलं असेल तर ३ दिवसांच्या आत जाऊन सही करायची. नोंदवायला नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

फिर्यादीत ‘सोन्याचे दागिने, अंदाजे दहा तोळे’ एवढंच लिहून देऊ नका. प्रत्येक दागिना वेगळा लिहा: वजन, घडण, खूण. धक्क्यात काही आठवत नाही, दोन दिवसांनी लक्षात येतं की नथीची डबीही नाही. अशा वेळी पुरवणी जबाब द्या, तो घेतला जातो.

माझ्या आत्याला ओळख पटवायला बोलावलं तेव्हा टेबलावर पाटल्यांचे तीन जोड होते, तिन्ही जवळपास सारखे. तिने एक पाटली उचलली, आतल्या बाजूला नख फिरवलं आणि सांधलेली जागा दाखवली. बारा वर्षांपूर्वी पाटली तडकली होती आणि सोनाराने डाग दिला होता. ते फिर्यादीत लिहिलेलं होतं, म्हणून प्रश्नच उरला नाही.

दागिने परत मिळावेत म्हणून न्यायालयात करायचा अर्ज मालक करू शकतो किंवा ज्याच्या ताब्यातून वस्तू गेली तो. भाडेकरूच्या घरातून त्याचं सामान गेलं असेल तर अर्ज भाडेकरूच करेल, घरमालक नाही. मालक परदेशात असेल तर मुखत्यारपत्र लागतं. विम्याचे पैसे आधीच मिळाले असतील तर मात्र कंपनीचाही हक्क येतो, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कागद फार नाहीत: एफआयआरची प्रत, जप्ती पंचनाम्याची प्रत, ओळखपत्र आणि मालकीचा पुरावा. जुलै २०२१ पासून हॉलमार्क केलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो, त्याच्यासारखा पुरावा नाही. जुन्या दागिन्यांची पावती कोणाकडे असते? मग लग्नातले, हळदीकुंकवाचे फोटो काढा, नेहमीच्या सोनाराचं लेखी घ्या आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडा. दागिने वितळवून लगड झाली असेल तर ओळख पटत नाही; तिथे फिर्यादीत लिहिलेलं वजनच कामी येतं.

अर्ज त्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या न्यायदंडाधिकारी न्यायालयात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली करायचा. न्यायालय पोलिसांचं आणि सरकारी वकिलांचं म्हणणं मागवतं. तपासी अंमलदाराने ‘हरकत नाही’ लिहिलं आणि दुसरा दावेदार नसला की काम सोपं होतं. मुद्देमाल ठाण्यात फार तर पंधरा दिवस ते महिनाभर ठेवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

आदेशाची नक्कल घेऊन ठाण्यात जा. वस्तूंचे फोटो आणि पंचनामा होतो, तुमच्याकडून बंधपत्र, म्हणजे अटी पाळण्याची लेखी हमी घेतात. ताबा पावतीवर सही करण्याआधी आपल्यासमोर वजन करून घ्या. खटला संपेपर्यंत दागिना विकायचा नाही, मोडायचा नाही, त्याचं रूप बदलायचं नाही. न्यायालयाने मागितला तर हजर करायचा. मंगळसूत्र गळ्यात घालायला हरकत नाही, फक्त नवीन वाट्या करून घ्यायच्या असतील तर निकालापर्यंत थांबा.