खुणा पुसणाऱ्याचीच खूण

शुक्रवार, ५ फेब्रुवारी २०१६. ढाक्यात बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतला एक प्रिंटर चालेनासा झाला. स्विफ्ट, म्हणजे बँकांनी एकमेकींना पैशांचे आदेश पाठवायचं जाळं, त्यावरचे परदेशी व्यवहारांचे संदेश आपोआप छापण्याचं त्याचं काम. नेहमीचाच बिघाड असेल, असं समजून गोष्ट मागे पडली. प्रत्यक्षात आदल्या रात्री न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हकडे या बँकेच्या नावाने पैसे पाठवण्याचे ३५ आदेश गेले होते. एकूण रक्कम सुमारे ९५ कोटी डॉलर. बरेचसे आदेश अडवले गेले, श्रीलंकेला निघालेले २ कोटी डॉलर नावातल्या स्पेलिंगच्या चुकीमुळे परत आले. पण ८ कोटी १० लाख डॉलर मनिलातल्या खात्यांत पोचलेच.

बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुट्टी, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार आणि सोमवारी फिलिपिन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी. वेळ नेमकी साधली होती. त्यामुळे तपासात सगळ्यात आधी घड्याळं जुळवावी लागतात. ढाका आणि न्यूयॉर्क यांच्यात त्या दिवसांत ११ तासांचा फरक. प्रत्येक सर्व्हरच्या लॉगमधली, म्हणजे त्याने आपोआप ठेवलेल्या नोंदींतली वेळ एकाच मापाने मांडली नाही, तर कारण आणि परिणाम यांची उलटापालट होते.

नंतर बीएई सिस्टिम्स या कंपनीच्या अभ्यासकांच्या हाती या हल्ल्याशी जोडलेलं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, लागलं. त्यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. बँकेच्या स्विफ्ट सॉफ्टवेअरमध्ये डेटाबेस वापरण्याआधी एक तपासणी होते. ती फसली की ‘इथून दुसरीकडे जा’ असा हुकूम प्रोसेसरला मिळतो. हा हुकूम फक्त २ बाइटचा. हल्लेखोरांनी तेवढ्याच २ बाइटच्या जागी ‘काहीही करू नको’ असा अर्थ असलेला ९० हा सोळा-आधारी अंक दोनदा लिहिला. झालं! तपासणी फसली तरी प्रोग्राम ती पार पडल्यासारखा पुढे जाऊ लागला, आणि डेटाबेसमधल्या व्यवहारांच्या नोंदी मालवेअरला वाचता आणि खोडता येऊ लागल्या. छापल्या जाणाऱ्या नोंदींत फेरफार करायची सोयही त्यात होती. ६ फेब्रुवारीच्या सकाळी ६ वाजता थांबायचं, हेही त्याला आधीच सांगून ठेवलेलं होतं.

हा बदल डिस्कवरच्या फाइलमध्ये नव्हता, चालू प्रोग्रामच्या मेमरीत होता. फाइल तपासली असती तर ती जशीच्या तशी सापडली असती. म्हणून हल्ल्याचा संशय आला की ‘मशीन आधी बंद करा’ हा आपला पहिला विचार पुराव्याच्या मुळावर येऊ शकतो. वीज गेली की रॅममधलं, म्हणजे त्या चालू मेमरीतलं, सगळं जातं. जाणकार तपासनीस आधी मशीन नेटवर्कपासून तोडतो, रॅमची प्रत घेतो, चालू प्रोग्राम आणि जोडण्या टिपतो, मग डिस्ककडे वळतो. डिस्कवर काहीही लिहिलं जाणार नाही अशा उपकरणातून तिची प्रत काढायची, आणि मूळ व प्रत दोन्हींची हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, काढून ठेवायची. एसएचए-२५६ या पद्धतीची हॅश म्हणजे ६४ चिन्हांची ओळ. कोट्यवधी बाइटमधला एक बदलला तरी ही ओळ पार वेगळी येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावी लागते. ही तरतूद योग्यच आहे. हॅश नसेल, तर पुराव्याला मध्येच कोणी हात लावला नाही हे न्यायालयाला पटवणं फार कठीण.

आता हल्लेखोर कोण? नुसती फाइल उडवली तर तिचा मजकूर डिस्कवर काही काळ शिल्लक राहतो, हे या मंडळींना ठाऊक होतं. त्यामुळे फाइलवर आधी ठरावीक पद्धतीने दुसरेच बाइट लिहायचे, मग तिचं नाव बदलून अक्षरांची खिचडी करायची, आणि शेवटी ती काढून टाकायची, असा त्यांचा शिरस्ता. मे २०१६ मध्ये बीएईच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की हाच पुसण्याचा कोड, त्याच्या बारकाव्यांसकट, २०१४ च्या सोनी पिक्चर्सवरील हल्ल्याशी जोडल्या गेलेल्या मालवेअरच्या कुळातही आहे. खुणा पुसण्याची लकबच हस्ताक्षरासारखी ओळखू आली.

पण हस्ताक्षर गिरवताही येतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनावेळी तिथलं नेटवर्क कोलमडलं. प्रोग्राम कोणत्या साधनांनी तयार झाला हे सांगणारी त्या मालवेअरमधली छोटी नोंद उत्तर कोरियाशी जोडलेल्या लाझारस या हॅकर गटाच्या मालवेअरशी तंतोतंत जुळत होती. कॅस्परस्की या सायबर-सुरक्षा कंपनीच्या अभ्यासकांनी आतला कोड वाचला तेव्हा तो त्या जुन्या साधनांनी बनलेलाच नाही हे उघड झालं. नोंद मुद्दाम चिकटवलेली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने या हल्ल्याबाबत आरोप ठेवले ते रशियाच्या लष्करी गुप्तचर विभागातल्या ६ अधिकाऱ्यांवर.

म्हणूनच एका जुळणीवर विसंबून कोणावर बोट ठेवणं मला धोक्याचं वाटतं. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने सोनी आणि बांगलादेश बँक प्रकरणांत एका उत्तर कोरियाई प्रोग्रामरवर आरोप जाहीर केले, तेव्हा कोडच्या जोडीला ईमेल खाती आणि ती वापरल्याच्या इंटरनेट पत्त्यांचा मागही होता. उत्तर कोरियाने आरोप फेटाळले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने हा हल्लाही उत्तर कोरियाशी जोडला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. ही साखळीची पैसे काढणारी, इथली कडी होती. बँकेच्या यंत्रणेत शिरून हे घडवून आणणारे मात्र पुण्याच्या न्यायालयासमोर उभे राहिलेले नाहीत.